पन्नास वाव

"ही दुसरी चावी कसली गो?"

तात्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि माझ्या मुलीचं मनगट पडवीतल्या दिव्याखाली धरलं. घड्याळाची नेहमीची चावी तीनच्या शेजारी होतीच, पण दहाच्या शेजारी आणखी एक बारकी चावी होती. विचारताना तात्यांच्या मिशीत जे हसू होतं, त्यावरून उत्तर त्यांना ठाऊक आहे हे मला कळलं.

"हेलियम बाहेर सोडायची झडप आहे, मामा."

"असं? आणि तू हेलियम कधी घेतलंस?"

इथे जो वाद पेटला तो दिवाळीचे तीन दिवस पुरला. तात्या म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. मुंबई हायवर समुद्रातल्या पाइपलाइनींची कामं करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. लोक त्यांना पाणबुड्या म्हणतात आणि ते आवडतंही त्यांना. मुलगी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहे. बोनस आणि शिल्लक एकत्र करून तिने ओमेगाचं सीमास्टर घेतलं, तबकडीवर '३०० मीटर' लिहिलेलं. माझं सांगायचं तर मी मालवणचा जावई असूनही समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलेलो नाही. त्यामुळे मी मधे बसून चकल्या खात दोघांचं ऐकत होतो.

"आज किल्ल्याजवळ किती खोल गेलीस?" तात्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर नऊ पूर्णांक दोन मीटर आलं."

"आणि हे तीनशेला चालतं."

"चालतं."

"मग उरलेले दोनशे नव्वद मीटर कोणासाठी ठेवलेस?"

मुलगी हसली, पण सोडणारी नव्हे. "आधी झडपेचं सांगा. तुमच्या कामाची गोष्ट आहे ती."

तात्या सरसावून बसले. "आमचं पाणी पाऊणशे मीटर खोल. तिथे रोज उतरून रोज वर यायचं म्हटलं तर प्रत्येक खेपेला तासन्‌तास थांबे घ्यावे लागतील. म्हणून माणसाला दाबातच राहायला ठेवतात. जहाजावर एक लोखंडी खोली असते, अर्ध्या एसटीएवढी. खाली पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच खोलीत भरायचा. श्वासाला हेलियम आणि ऑक्सिजन. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. कामाला जाताना डायव्हिंग बेलमध्ये बसून तळाशी, काम झालं की परत खोलीत. असे तीन-चार आठवडे. अंगात वायू मावेल तेवढा मावला की मग दहा दिवस राहा नाहीतर वीस, वर यायचा वेळ तेवढाच. साधारण तीस मीटरला एक दिवस, वर आणखी एक दिवस."

"म्हणजे पाऊणशे मीटरवरून साडेतीन दिवस."

"साडेतीन दिवस नुसतं पडून राहायचं. आता हेलियमचा अणू इतका बारीक की घड्याळाच्या रबरी रिंगांतूनही आत शिरतो. खाली असताना काही बिघडत नाही, आत-बाहेर दाब सारखाच. पण खोलीतला दाब उतरायला लागला की आतल्या वायूला बाहेर पडायची घाई होते आणि शिरला त्या वाटेने तो तेवढ्या लवकर निघू शकत नाही. आमच्यातल्या एका पंजाबी पोराच्या घड्याळाची काच रात्री दोन वाजता उडाली. सोडा वॉटरची बाटली फुटावी तसा आवाज. त्या खोलीत असा आवाज झाला की माणूस आधी देवाला आठवतो, मग घड्याळाला. तो पोरगा घड्याळवाल्याला आयमाय उद्धारून शिव्या देत होता आणि आम्ही हसत होतो, कारण हेलियममध्ये शिव्यासुद्धा बदकाच्या आवाजात निघतात."

"म्हणून ही झडप," मुलगी म्हणाली. "रोलेक्सने १९६७ साली सी-ड्वेलरला बसवली. पण सैकोने काय केलं माहितीये? १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातल्या एका पाणबुड्याचं त्यांना पत्र आलं. तुमची घड्याळं आमच्या तीनशे-साडेतीनशे मीटरच्या कामात टिकत नाहीत म्हणून. त्यांनी सात वर्षं घेतली. १९७५ साली टायटॅनियमचं ६०० मीटरचं घड्याळ काढलं आणि त्याला झडपच ठेवली नाही. हेलियम आत शिरूच नये अशी रबराची रिंग केली."

"चोराला घरात घेऊन खिडकीतून पळवून लावण्यापेक्षा दाराला कडी घातली म्हण ना," तात्या खूश झाले. "पण तू पाण्यात उतरतेस ती पाठीवर हवा घेऊन. तुझं घड्याळ पाण्यात, हेलियमच्या खोलीत नाही. झडप तुझ्या काय कामाची? उलट घड्याळाला एक भोक जास्त पडलं."

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. इंजिनिअर माणसाला ते भोक टोचलं असणार. हा पहिला डाव तात्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाच्या ताटावर विषय पुन्हा निघाला. या वेळी तिने काढला.

"मामा, झडपेचं मान्य. पण तीनशे मीटर म्हणजे काही थट्टा नाही. लोक जातात तिथे."

"स्कूबावर? किती लोक?"

"२०१४ साली अहमद गाब्र नावाचा इजिप्तचा माणूस तांबड्या समुद्रात दहाबला ३३२ मीटर गेला. गिनीजमध्ये तेव्हा नोंद झाली. त्याच्या आधी २००५ साली दक्षिण आफ्रिकेचा नुनो गोम्स, तिथेच, ३१८ मीटर."

"खाली जायला किती वेळ लागला त्या इजिप्तवाल्याला?"

"पाव तास."

"आणि वर यायला?"

ती जरा थांबली. "तेरा तासांच्या वर. आणि त्या नोंदीवर नंतर शंकाही घेतल्या गेल्या."

"म्हणजे साऱ्या जगात तीनशे ओलांडलेली माणसं बोटांवर मोजायची, त्यांतही एकावर वाद. आणि ही घड्याळं विकली जातात किती? बरं, तुझं सर्टिफिकेट कितीचं?"

"पहिलं अठरा मीटरचं होतं. मग अंदमानात स्वराजद्वीपला तीस मीटरचं केलं. अठ्ठावीसपर्यंत गेलेय. पुढचा डीपचा कोर्स चाळीसपर्यंत नेतो. हौशी लोकांची हद्द तिथे संपते."

"ती हद्द का आहे, ते सांग."

"तुम्हीच सांगा."

"नाही, हिशेब तू कर. सिलिंडर किती लिटरचं?"

"बारा. त्यात दोनशे बार. म्हणजे चोवीसशे लिटर हवा."

"वर बसून मिनिटाला वीस लिटर लागते असं धर."

"दोन तास पुरेल."

"चाळीस मीटरवर?"

"पाचपट दाब, पाचपट हवा. मिनिटाला शंभर लिटर. चोवीस मिनिटं." तिने करंजी ताटात ठेवली. "आणि वर यायला राखीव ठेवायची ती वेगळी."

"आता तुझ्या घड्याळाच्या तीनशेवर."

"एकतीसपट. मिनिटाला सहाशे वीस." तिने मनातल्या मनात भागाकार केला. "चार मिनिटंसुद्धा नाहीत."

"ती चार मिनिटंही मिळायची नाहीत गो. साध्या हवेतला ऑक्सिजन साठ-सत्तर मीटरलाच विषासारखा वागायला लागतो, फिट येते. आणि त्याच्याही आधी नायट्रोजन चढतो. ट्रेनिंगला आम्हाला पन्नास मीटरच्या दाबाला खोलीत बसवून गणितं घातली होती. सतरा अधिक आठ. मी पंचवीस बरोबर लिहिले, आणि शेजारी फूल काढलं. का काढलं ते अजून मला माहीत नाही. फार सुरेख फूल काढलंय असं मात्र वाटलं होतं."

सगळेच हसलो. पण मला ते फूल रात्री झोपताना आठवलं. पन्नास मीटरला शरीर चिरडत नाही, कारण अंगात बहुतेक पाणीच असतं आणि पाणी दाबाने फारसं दबत नाही. बिघडतं ते आपल्या आतल्या हवेमुळे. घड्याळाची अडचण उलटी. आत हवा असते ती थोडी, आणि तिला काही चढत नाही. एवढीशी डबी बंद ठेवली की झालं. घड्याळाची खोली आणि माणसाची खोली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या एकाच मनगटावर आणून ठेवतात, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"थोडक्यात, सिंहगड चढायला एव्हरेस्टचे बूट," तात्या म्हणाले.

"चुकताय." मुलगी आता चिडली होती. "लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी असते. दोर काय आठच माणसांचं वजन पेलतो? दहा-बारा पट ताकदीचा असतो. म्हणून त्याला तुम्ही दिखाऊ दोर म्हणता का?"

"दोराचं वेगळं. पण तीस मीटर लिहिलेलं घड्याळ घालून इथे पोरं किनाऱ्यावर पोहतात, गुडघाभर पाण्यात, आणि संध्याकाळी काचेत वाफ. का? पाण्यात हात मारला की दाब वाढतो. म्हणून आकडा मोठा लागतो हे मला मान्य आहे. पण शंभर पुरेत."

इथे तात्या फसले. मुलीच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिली होती.

"हात किती जोरात मारता? सेकंदाला पाच मीटर धरू, एवढा तर पट्टीचा पोहणाराही मारत नसेल. वेगाचा वर्ग गुणिले पाण्याची घनता, भागिले दोन. साडेबारा किलोपास्कल. म्हणजे किती पाणी? सव्वा मीटर! तीस मीटरच्या घड्याळाला हात मारल्याने सव्वा मीटरचा जादा भार पडतो. बस्स."

"असं कसं? सगळे सांगतात की."

"सगळे सांगतात, म्हणून तुम्हीही सांगता. पाणी शिरतं ते रबरामुळे. उन्हात होडीवर तापलेलं घड्याळ गार पाण्यात बुडवायचं, चावी अर्धवट ओढलेली, फटीत मीठ, आणि रिंग पाच वर्षं जुनी. शिवाय साध्या घड्याळांच्या कसोटीला कारखान्यातले नमुने उचलून तपासले तरी चालतात. डायव्हिंगच्या घड्याळांना आयएसओचं वेगळं प्रमाण आहे, ६४२५ क्रमांकाचं. ते मिळवायचं तर एकेक घड्याळ तपासावं लागतं, लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाला. तीनशे लिहायचं तर पावणेचारशे सोसून दाखवायला हवं."

"आणि त्या प्रमाणात कमीत कमी किती लागतं?"

"शंभर मीटर."

"मी तेच म्हणालो."

"शंभर ही पास व्हायची रेघ झाली, मामा. पस्तीस टक्के. मला तीनशे हवं ते तीनशे मीटर जायला नाही. दहा वर्षांनी रबर म्हातारं झाल्यावर नऊ मीटरला टिकायला हवं म्हणून."

"त्यापेक्षा दोन वर्षांनी रबर बदलून घे. तुझ्या तीनशेपेक्षा स्वस्त पडेल."

या डावात कोण जिंकलं ते मला ठरवता आलं नाही. हात मारण्याचा समज तात्यांनी गुपचूप सोडला, हे मात्र खरं. दुपारी शेजारच्या पोराला ते सव्वा मीटरचं गणित स्वतःचं म्हणून सांगत होते.

खरी गंमत रात्री जेवताना झाली. सुरमईचं कालवण होतं, सोलकढी होती. मुलीला वाटलं, मामांना निदान इतिहास तरी आवडेल.

"हे सगळं ज्या घड्याळापासून सुरू झालं ना, ते ब्लाँपां कंपनीचं. १९५३ साल. कंपनीचा प्रमुख जाँ-जाक फिएश्टेर स्वतः डायव्हर होता. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला एकदा खाली असताना वेळेचं भान सुटलं आणि हवा संपली. कसाबसा वर आला. त्याने ठरवलं, किती वेळ झाला ते एका नजरेत दाखवेल असं घड्याळ हवं. त्याच सुमाराला फ्रेंच नौदलात पाण्याखाली लढणाऱ्या जवानांची तुकडी उभी करणारे दोन अधिकारी, मालुबिए आणि रिफो, असंच घड्याळ शोधत होते. घड्याळाचं नाव ठेवलं, फिफ्टी फॅदम्स."

"फॅदम म्हणजे?"

"सहा फूट. दोन्ही हात पसरल्यावर इकडच्या बोटांपासून तिकडच्या बोटांपर्यंत..."

"वाव!" तात्यांनी दोन्ही हात पसरले आणि माझ्या सोलकढीचा पेला आडवा झाला. "अगो, ही तर आपली वाव! गरी सोडतात, जाळी सोडतात, दोर मोजतात तो वावेतच. पन्नास वाव! स्वित्झर्लंडच्या माणसाने घड्याळाचं नाव पन्नास वाव ठेवलं?"

"पन्नास वाव म्हणजे ९१ मीटर. हवेवर माणूस जास्तीत जास्त तेवढाच जाईल, असं तेव्हा मानत होते."

"म्हणजे माणूस जाईल तेवढंच घड्याळावर लिहिलं."

"हो."

"मग हा माणूस प्रामाणिक." तात्यांनी उष्ट्या हातानेच दाद दिली. "आणि किती वेळ झाला ते त्यावर कळायचं कसं?"

"फिरती कडी. उतरताना कडीची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा कडीवर जो आकडा दाखवेल तेवढी मिनिटं झाली. माझी कडी एकाच दिशेला फिरते, ही बघा."

तात्यांनी हात धुतले, पंचाला पुसले आणि घड्याळ घेतलं. कडी फिरवली. कट्‌, कट्‌, कट्‌. उलटी फिरवून पाहिली, हलेना. मग बराच वेळ ते तिला नख लावून फिरवत बसले.

"ही खरी अक्कल आहे," ते म्हणाले. "खडकाला घासून फिरली तरी वेळ जास्तच झाला असं दाखवणार. चुकलं तर लवकर वर बोलावणार, उशिरा नाही. तीनशेचा आकडा कोणी काढला मला ठाऊक नाही, पण ही कडी करणाऱ्याने पाण्यात नाकातोंडात पाणी घेतलेलं असणार."

"१९५३ सालीच रोलेक्सचं सबमरीनर तयार झालं, शंभर मीटरचं. आणि मग आकडे वाढत गेले. १९६७ साली ६१० मीटर. १९७८ साली १२२०. २००८ साली ३९००..."

"लिलाव चाललाय काय?"

"२०२२ साली ओमेगाचं सहा हजार मीटर. त्याच वर्षी रोलेक्सचं अकरा हजार."

"अकरा हजार! एवढं पाणी आहे कुठे?"

"मरियाना गर्तेत. सगळ्यात खोल जागा साधारण १०,९२५ मीटर."

तात्यांनी मान वर केली. "म्हणजे समुद्र संपला, आकडा उरला."

मला वाटतं, तीन दिवसांतलं सगळ्यात अचूक वाक्य हे होतं. मुलगीही क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पण घड्याळं खरोखर गेलीयेत तिथे. १९६० साली जाक पिकार आणि डॉन वॉल्श त्रिएस्त यानातून तळाला गेले, तेव्हा एक रोलेक्स यानाच्या बाहेरच्या अंगाला बांधलेलं होतं. वर आल्यावर चालू होतं. २०१२ साली जेम्स कॅमेरून गेला, तेव्हा यंत्राच्या हाताला बांधलेलं होतं."

"हातही यंत्राचाच!"

"हो."

"आणि कॅमेरून?"

"आत. जाड पोलादी गोळ्यात बसलेला."

"त्याच्या मनगटावर साधं टायमेक्स असतं तरी चाललं असतं," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "भावोजी, तुमचं एचएमटी सुद्धा मरियानात जाईल बघा. गोळ्यात बसवा फक्त."

माझ्या एचएमटीचा त्या रात्री पहिल्यांदाच सन्मान झाला.

विचार केला तर गोष्ट साधी आहे. वाव हे माप माणसाच्या अंगातून निघालेलं. नाव पन्नास वाव होतं तोवर घड्याळ आणि माणूस एकाच दोराला होते. पुढे आकडे मीटरच्या हजारांत गेले आणि माणूस चाळीस मीटरवर मागे राहिला. तात्यांसारखे दाबात राहणारे, म्हणजे सॅच्युरेशनवाले, म्हणाल तर १९८८ साली फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीचे पाणबुडे खुल्या समुद्रात ५३४ मीटरवर काम करून आले, आणि १९९२ साली त्याच कंपनीच्या थेओ मावरोस्तोमोस याने जमिनीवरच्या दाबखोलीत ७०१ मीटरचा दाब सोसला. माणसाने गाठलेला शेवटचा आकडा तो. पण त्यांच्या पाठीमागे अख्खं जहाज, डॉक्टर आणि वायूंच्या टाक्या होत्या. मनगटावर काय होतं याने तिथे फारसा फरक पडला नसता.

"तरी तू हे घेतलंस ते का, खरं सांग," तात्यांनी शेवटी विचारलं.

"बाँड," ती म्हणाली आणि लाजली. "लहानपणी बाबांबरोबर पिक्चर बघायचे. १९६२ च्या 'डॉक्टर नो'मध्ये रोलेक्स होतं, १९९५ पासून ओमेगा."

"तो किती खोल जातो?"

"तो बहुतेक वेळ सूट घालून पत्त्यांच्या टेबलावर असतो."

तात्या इतके हसले की मामी आतून बाहेर आल्या.

पण तात्यांचाही एक पत्ता झाकलेला होता, आणि तो मामींनीच उघडा केला. "एवढी पोरीला नावं ठेवताय, तुमचं ते कपाटातलं काढा की."

कपाटातून एक सैको निघालं, नायलॉनच्या पट्ट्यातलं, २०० मीटर लिहिलेलं. सिंगापूरला घेतलेलं. कडीवरची खूण झिजून गेलेली, काच ओरखड्यांनी दुधाळ. मुलीने ते दोन्ही हातांनी घेतलं, मी देवघरातला टाक घ्यावा तसं.

"बेलमध्ये तुम्हाला घड्याळाची गरज काय होती?" तिने विचारलं. "वर कंट्रोल रूममध्ये सुपरवायझर मिनिट न्‌ मिनिट मोजत असणार. डायव्हरकडे तर कानात बोलणारा माणूस असतो. आणि आमच्याकडे कॉम्प्युटर. खोली दाखवतो, किती वेळ राहू शकते ते सांगतो, भरभर वर आले तर ओरडतो. मीही खाली गेल्यावर त्याच्यावरच भरवसा ठेवते, या घड्याळावर नाही. ते बंद पडलं तर हे असावं म्हणून घालते."

"गरज नव्हतीच," तात्या म्हणाले. "बेलचं दार उघडलं की मी कडी फिरवायचो. सहा तास पाण्यात, आणि कडी साठ मिनिटांची. एक फेरा झाला की परत फिरवायचो. वरचा मोजायचा तो कंपनीचा वेळ. खोलीत दिवस नाही, रात्र नाही, कोंबडा नाही, बांग नाही. जेवण आलं की कळायचं, सकाळ आहे की रात्र. हातात काहीतरी फिरत असलं की बरं वाटायचं."

"मग माझं काय वेगळं?"

"तुझ्या मनगटाचं मी काही म्हणत नाही. तबकडीवरच्या आकड्याचं म्हणतोय. माझ्यावर दोनशे लिहिलंय हे आज तू वाचलंस तेव्हा कळलं मला. बावीस वर्षांत मी फक्त कडी बघितली."

मामी म्हणाल्या, "आता ती कडी मीच बघते. भात शिजायला लावते तेव्हा."

तिसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या होडीवाल्याबरोबर किल्ल्याच्या पलीकडे गेलो. मीही गेलो, होडीच्या मध्यभागी बसून दोन्ही कडा घट्ट धरून. होडीवर मासे शोधायचं यंत्र होतं. पडद्यावर तळ हिरवा दिसत होता आणि आकडा होता ९.९.

"हे बंद ठेव रे," तात्यांनी होडीवाल्याला सांगितलं. "पोरीला वाव दाखवायची आहे."

शिशाचा गोळा बांधलेला दोर त्यांनी सोडला. तळ लागताच दोर ढिला पडला. मग ते ओला दोर दोन्ही हात पसरून छातीवरून ओढत मोजू लागले. एक वाव. दोन वाव. पाणी कोपरांवरून निथळत होतं. पाचवी मोजताना दम लागला. सहावीला शिसं वर आलं, त्याच्या खाली चिकटलेल्या वाळूसकट.

"सहा वाव!" तात्या विजयी स्वरात म्हणाले.

मुलीने बंद यंत्राकडे पाहिलं. मग तात्यांकडे पाहिलं. "सहा वाव म्हणजे अकरा मीटर व्हायला हवे होते, मामा. पाणी आहे नऊ पूर्णांक नऊ."

"यंत्र चुकतं."

"यंत्र बरोबर आहे. तुमचे हात आखूड आहेत."

घरी आल्यावर शिवणाच्या टेपने तात्यांचे हात मोजले गेले. मामींनी एक टोक धरलं, मुलीने दुसरं. पाच फूट पाच इंच. मुलीने कॅलेंडरच्या मागे हिशेब केला.

"तुमचे पन्नास वाव म्हणजे साडेब्याऐंशी मीटर. फिएश्टेरच्या पन्नासपेक्षा नऊ मीटर कमी."

"पण हायवरच्या पाण्यापेक्षा जास्तच," तात्या म्हणाले. ते जरा खट्टू झाले होते, हे लपत नव्हतं. हात खाली घेऊन त्यांनी टेप माझ्याकडे फिरवला. "भावोजींची मोजा."

मी नको नको म्हणेपर्यंत मामींनी माझा डावा हात धरून पसरवला होता. पाच फूट सात.

"बाबांचे पन्नास वाव पंच्याऐंशी मीटर," मुलीने जाहीर केलं.

तात्यांनी टेप दोनदा तपासून पाहिला. मी हात तसेच पसरून जरा वेळ उभा राहिलो. मालवणात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तात्यांपेक्षा खोल गेलो होतो.